स्वयंचलित वर्धननियंत्रण आणि ध्वनिमुद्रित साधनांची पारख : कोयना खोऱ्याच्या अनुषंगाने

मराठी इतिहाससंशोधनाला कागद पारखण्याची शिस्त लागून आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. अस्सल पत्र कोणते व नक्कल कोणती, शिक्का व मोर्तब जागच्या जागी आहे की नाही, नकलकाराने कोठे अक्षर गाळले व कोठे पदरचे घातले, हे प्रश्न विचारल्याखेरीज आपल्याकडील अभ्यासक आता कागदाला हात लावीत नाही. ध्वनिमुद्रित साधनाच्या बाबतीत मात्र हीच सावधगिरी आपण बाळगतो असे म्हणता येत नाही. फीत वाजली, माणसाचा आवाज कानी पडला, की साक्षीदारच समोर येऊन बसला असे आपण मानतो. बोलणाऱ्याचा कंठ आणि आपले कान यांच्या दरम्यान एक नकलकार बसलेला असतो व तो माणूस नसून यंत्र असते, याचे भान थोड्यांनाच असते. प्रस्तुत लेख त्या नकलकाराविषयी आहे.

हा विषय प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आला तो स्वतःच्याच एका चुकीमुळे. १९८७ साली, कोयनेच्या भूकंपाला वीस वर्षे होत असताना, पाटण तालुक्यातील काही वृद्धांच्या आठवणी कॅसेटवर उतरवून घेण्याचे काम हाती घेतले होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनानगरच्या परिसरात धरणीकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, हे सर्वश्रुत आहे. एका वृद्ध शेतकऱ्याने त्या पहाटेची हकीकत सांगताना, जमिनीतून आवाज कसा आला हे दाखवण्यासाठी, शेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेवर मुठीने जोरात ठोसा मारला. पुढे कॅसेटवरून मजकूर उतरवून काढला, तेव्हा ठोशानंतरच्या जागी ‘येथे वक्ते काही काळ स्तब्ध’ अशी कंसातील नोंद झाली. त्या स्तब्धतेवर प्रस्तुत लेखकाने एका निबंधात अर्धे पान खर्चही केले. दुःखाचा आवेग, शब्दांचे अपुरेपण वगैरे जे काही अशा जागी लिहायचे असते ते सर्व त्यात होते. काही वर्षांनी त्या दिवसाची टाचणवही चाळताना आढळले की, ठोसा मारल्यावर ते गृहस्थ थांबलेच नव्हते. आवाज खाली आणून, जवळजवळ कुजबुजल्यासारखे, ते बोलत राहिले होते. स्तब्ध झाले होते ते यंत्र.

त्या यंत्रातील कारागिरी थोडक्यात अशी. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्संकेत अत्यंत क्षीण असतो; तो वाढवावा लागतो. या वाढीस अभियंते गेन म्हणतात. आपण वर्धन म्हणू. बोलणारा जवळ आला वा ओरडला तर वर्धन कमी करावे लागते, दूर गेला वा हळू बोलला तर वाढवावे लागते. हे काम हाताने बटण फिरवून करता येते. तेच काम यंत्राने स्वतःच, बाहेर पडणाऱ्या संकेताची पातळी मोजून व ती मागे वळवून करावे, अशी योजना म्हणजे स्वयंचलित वर्धननियंत्रण. योजनेचे मर्म वेळेत आहे. मोठा आवाज येताच वर्धन किती त्वरेने खाली आणावे, आणि तो ओसरल्यावर किती सावकाश पूर्ववत् करावे, हे दोन काळ ठरवावे लागतात. पहिल्यास अ‍ॅटॅक व दुसऱ्यास रिलीज म्हणतात. आमच्या त्या हातात धरण्याजोग्या रेकॉर्डरमध्ये उतरणे क्षणार्धाचे होते आणि चढणे कित्येक सेकंदांचे. ट्रंकेवरच्या ठोशाने वर्धन एकदम तळाशी गेले. ते वर येईपर्यंत वृद्धाची कुजबूज फितीच्या खरखरीत बुडून गेली.

या युक्तीचा जन्म प्रेषणाच्या बाजूला नव्हे, ग्रहणाच्या बाजूला झाला. हॅरॉल्ड व्हीलर या तरुण अमेरिकन अभियंत्याने जानेवारी १९२६ च्या आरंभी रेडिओ-संचातील आवाज स्वयंचलितपणे सारखा राखणारे मंडल बांधले, आणि १९२९ मध्ये फिल्को कंपनीच्या संचातून ते बाजारात आले. त्यापूर्वी रेडिओ ऐकणे म्हणजे सतत खुंटी पिळीत बसणे होते. जवळचे केंद्र लागले की कानठळ्या बसत, दूरचे लागले की कान लावून बसावे लागे. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले ते याच खुंटी-पिळीच्या काळात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण विद्यार्थ्यांच्या लेखनात त्याची गल्लत वारंवार आढळते. ग्रहणसंचातील नियंत्रण हे वाहक लहरीची ताकद मोजते. निवेदक हळू बोलतो की मोठ्याने, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. प्रेषणकेंद्रातील नियंत्रण याच्या उलट ध्वनी मोजते. लहर गावापर्यंत पोचताना क्षीण झाली की नाही याची त्याला वार्ताही नसते. एकाला केवळ वाट दिसते, दुसऱ्याला केवळ वाटसरू. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर वागत असताना श्रोत्याला मात्र काहीच उमगू नये, असा प्रकार म्हणूनच घडू शकतो. आणि कोयना खोऱ्यात तो घडण्यास भूगोलही अनुकूल आहे.

महाबळेश्वराच्या बाजूने दक्षिणेकडे वाहत येणारी कोयना हेळवाकपाशी पूर्वेस वळते, पाटणला केरा नदी तिला मिळते, आणि पुढे कऱ्हाडला ती कृष्णेत विसर्जित होते. पाटण हे असे दोहों बाजूंच्या डोंगररांगांमधील, फक्त पूर्वेकडे मोकळे होणारे ठिकाण आहे. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुण्याहून पाटण सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर, जवळजवळ नेमके दक्षिणेस. मध्यम लहरींचे प्रक्षेपण दिवसा जमिनीलगत प्रवास करते. सूर्यास्तानंतर वरच्या वातावरणातील शोषक थर विरतो आणि आकाशातून परावर्तित झालेली लहरही खाली येऊ लागते. केंद्रापासून साधारण शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत, जमिनीच्या व लहरीच्या गुणानुसार हे अंतर कमीजास्त होईल, या दोन वाटांनी आलेल्या लहरी बरोबरीच्या ठरतात. कधी एकमेकींस पुष्टी देतात, कधी एकमेकींना खाऊन टाकतात. श्रोत्याच्या भाषेत आवाज ‘येतो-जातो’. ग्रामीण श्रोत्यांसाठीचे कार्यक्रम संध्याकाळी असत, कारण शेतावरून माणूस घरी येतो तेव्हाच. म्हणजे ज्या वेळी गाव ऐकण्यास मोकळे होई, नेमक्या त्याच वेळी आकाश बिघडे.

या पार्श्वभूमीवर १९५६ चा प्रयोग पाहिला पाहिजे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा उपक्रम चालवला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर हे ते जिल्हे. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले होते आणि पाटण तालुका उत्तर साताऱ्यात होता. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळातील लोक एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत, आणि चर्चेचा वृत्तांत व प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या वेळी असलेले पॉल न्यूरथ यांनी या उपक्रमाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळ नसलेल्या गावांशी, आणि त्यांतही रेडिओ असलेल्या व नसलेल्या गावांशी, त्यांनी केली. ते व आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा वृत्तान्त युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. नुसता रेडिओ असण्यापेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळ अधिक झाली, हा त्यांचा निष्कर्ष पुढे देशभरच्या श्रोतृमंडळांच्या योजनेचा आधार ठरला.

या प्रयोगाविषयी लिहिताना आपले अभ्यासक चर्चेचे आशय पाहतात, सहभागाची आकडेवारी पाहतात. ते योग्यच आहे. परंतु चावडीत वीस माणसे एका संचाभोवती बसली असताना मागच्या रांगेतील माणसाला शब्द कळला की नाही, हा प्रश्न आशयाच्याही आधीचा आहे. त्याचे उत्तर मुख्यतः प्रेषकातील मॉड्युलेशनवर, म्हणजे वाहक लहरीवर ध्वनी किती खोल कोरला गेला यावर, अवलंबून असते. हिशेब सोपा आहे. मॉड्युलेशन तीस टक्के असेल तर ध्वनी वाहून नेणारी शक्ती वाहक शक्तीच्या केवळ साडेचार टक्के भरते; साठ टक्के असेल तर अठरा. मॉड्युलेशन दुप्पट, शक्ती चौपट. म्हणजेच सरासरी आवाज सहा डेसिबेलने वर आणता आला, तर पाटणच्या श्रोत्याला खरखरीच्या तुलनेत जो लाभ होतो, तो पाच किलोवॅटच्या जागी वीस किलोवॅटचा प्रेषक बसवल्यासारखा असतो. आणि ग्रहणसंचातील नियंत्रण केवळ वाहक लहरच पाहत असल्यामुळे हा लाभ ते परत काढून घेत नाही. शंभर टक्क्यांच्या पलीकडे मात्र जाता येत नाही. वाहक लहर शून्याला टेकते, आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रांवर शिंतोडे उडतात. म्हणून सरासरी वर आणायची आणि शिखरे अडवायची, ही दोन कामे एकदमच करावी लागतात.

ही दोन्ही कामे प्रथम माणूस करीत असे. नियंत्रण-कक्षातील अभियंता काट्याकडे डोळे व संहितेकडे कान लावून बसे. हा काटाही इतिहासाचा विषय आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळा व दोन मोठ्या प्रसारण-संस्थांनी मिळून ठरवलेला व्ही.यू. मापक आपल्या खुणेपर्यंत पोचण्यास सुमारे तीनशे मिलिसेकंद घेतो. त्यामुळे तो कानाला जाणवणारी सरासरी दाखवतो, पण मृदंगावरची थाप त्याच्या नजरेतून निसटते. ब्रिटिश प्रसारण महामंडळाने त्याच सुमारास स्वीकारलेला शिखरमापक थाप टिपतो. मात्र त्यावरून एकूण आवाज किती मोठा वाटेल याचा अंदाज येत नाही. दोन देशांनी एकाच प्रश्नाची दोन अर्धी उत्तरे घेतली. शिखरे अडवणारे स्वयंचलित यंत्र, लिमिटर, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाले. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे १९३७ चे यंत्र प्रसिद्ध आहे. सरासरी सांभाळणारे यंत्र त्यानंतर बऱ्याच काळाने आले, कारण ते अवघड आहे.

अवघड का, हे आपल्या संगीतावरून चटकन ध्यानात येते. गायक आलापात थांबतो. तानपुरा चालूच असतो. बिनडोक यंत्राला वाटते, आवाज कमी झाला. ते वर्धन वाढवीत जाते, तानपुरा फुगत फुगत गायकाच्या जागी येऊन बसतो. गायक पुन्हा सूर लावतो आणि तानपुरा एकदम विहिरीत पडल्यासारखा नाहीसा होतो. कीर्तनात याहून वाईट. बुवांनी आख्यान रंगवून एका क्षणी श्वास रोखला, त्या शांततेत श्रोत्यांचे खोकले, मुलाचे रडणे आणि विजेच्या पंख्याची घरघर बुवांच्या आवाजाइतकी मोठी होऊन बाहेर पडते. आणि टाळ-मृदंगाचा गजर, जो सर्वांत मोठा असावयाचा, तो निरूपणाच्या पातळीला येऊन बसतो. म्हणजे ज्या चढउतारात त्या कलेचा प्राण, तोच यंत्राच्या दृष्टीने दोष ठरतो.

यावरचा उपाय अमेरिकेतील सी.बी.एस. प्रयोगशाळेने १९६० च्या आसपास बाजारात आणलेल्या ऑडिमॅक्स यंत्रात दिसतो. संकेत एका ठरावीक पातळीखाली गेला तर ही शांतता आहे, हळू आवाज नव्हे, असे समजून वर्धन होते तेथेच गोठवून ठेवावे, ही त्यातील कल्पना. यालाच गेट म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या सबंध इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल होय, कारण येथे यंत्राला प्रथमच मौन आणि मंद स्वर यांत भेद करण्याचा अधिकार मिळाला. १९७५ मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांच्या ऑप्टिमॉडने निरनिराळी कामे एका पेटीत आणली. पुढे ध्वनीचे खर्ज, मध्य व तार असे पट्टे पाडून प्रत्येकाचे वर्धन वेगळे सांभाळण्याची रीत सार्वत्रिक झाली, त्यामुळे मृदंगाच्या थापेने गायकाचा आवाज दबणे पुष्कळ कमी झाले. १९९० च्या दशकात हे सारे अंकीय झाले. तपशिलाची येथे गरज नाही.

दरम्यान सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. पाटणहून सांगली सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आसपास, आणि खोरे ज्या पूर्वेकडे उघडते त्या अंगाला. सातारा जिल्ह्यातच, पण अगदी दुसऱ्या टोकाला, दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. सामुदायिक केंद्रांना शंभर वॅटच्या परिणामी शक्तीची मर्यादा असते आणि त्यांची एफ.एम. लहर डोंगर ओलांडीत नाही. अशा केंद्रात दिवसभर निवेदक बदलतात, बहुतेक जण गावातलेच असतात, आणि काट्याकडे डोळे लावून बसणारा अभियंता ठेवणे परवडत नाही. तेथे ध्वनिसंस्कारक यंत्र लावताना जो माणूस चार आकडे ठरवतो, तो पुढील कित्येक वर्षे प्रत्येक वक्त्याचा संपादक होऊन बसतो. म्हणून ते आकडे कसे ठरतात हे इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही जाणून घेणे अस्थानी नाही.

प्रथम मिश्रकावरून एक हजार हर्ट्झचा स्थिर स्वर सोडून काटा शून्यावर आणावा आणि संस्कारकात तो योग्य पातळीने येतो याची खात्री करावी. तोपर्यंत नियंत्रण बंदच असावे. मग नेहमीच्या निवेदकाला नेहमीच्या अंतरावर बसवून बोलावयास सांगावे. यंत्राचा आवाका वीस ते पंचवीस डेसिबेलचा असेल तर साध्या बोलण्यावर ते दहाएक डेसिबेल वर्धन कमी करीत असल्याचे दिसले पाहिजे. म्हणजे कोणी हळू बोलले तर वर चढावयास जागा उरते, कोणी ओरडले तर खाली उतरावयास. पुष्कळ ठिकाणी हे पाऊल वगळले जाते, यंत्र सदैव आपल्या एका टोकाला चिकटलेले राहते, आणि पुढे ‘यंत्र नीट काम करीत नाही’ अशी तक्रार होते. त्यानंतर रिलीज. बोलणे व संगीत दोन्ही असणाऱ्या केंद्राने सेकंदाला एकदोन डेसिबेलहून अधिक वेगाने चढू देऊ नये. वेगवान रिलीजने आवाज भरगच्च वाटतो, पहिल्या दिवशी सर्वांना आवडतो, आणि आठवड्याभरात श्रोता का थकला हे कोणास सांगता येत नाही. शिखरे अडवण्याचे काम पुढच्या लिमिटरकडे सोपवावे. एफ.एम.मध्ये वाहक लहरीचे विचलन पंचाहत्तर किलोहर्ट्झच्या आत राखणे ही त्याची जबाबदारी आहे, वर्धननियंत्रणाची नव्हे.

गेटची पातळी ठरवताना सर्वांत अधिक चूक होते. कक्षातील मायक्रोफोन उघडा ठेवून, कोणीही बोलत नसताना, जो पार्श्वध्वनी येतो त्याच्या थोडी वर ही पातळी हवी. पण पार्श्वध्वनी कोणत्या महिन्यातला? कोयनानगरच्या बाजूला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पत्र्याच्या छपराखाली चैत्रात ठरवलेले गेट आषाढात निरुपयोगी होते: पावसाचा आवाज पातळीच्या वर राहतो, गेट कधी बंदच होत नाही, आणि निवेदक थांबला की यंत्र पाऊस उचलून श्रोत्यांच्या घरात ओतते. उलट आषाढाचे गेट चैत्रात ठेवले तर ते फार वर असते. मग मंद बोलणारी माणसे, उदाहरणार्थ प्रथमच मायक्रोफोनसमोर आलेली एखादी वृद्धा, मौन समजून वगळली जातात. त्यांच्यासाठी वर्धन वाढतच नाही. डोंगराळ, पावसाळी मुलखातील केंद्राने ऋतूनुसार दोन मांडण्या ठेवाव्यात, आणि कोणत्या तारखेपासून कोणती मांडणी लावली हे वहीत लिहावे. अभियंत्याला ही वही गैरसोयीची वाटेल. शंभर वर्षांनी तिच्याइतके मोलाचे दप्तर त्या केंद्रात दुसरे सापडणार नाही.

कारण संशोधकाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की, हाती आलेले ध्वनिमुद्रण संस्कारकाच्या अलीकडचे की पलीकडचे? कक्षातील मूळ फीत असेल तर तिच्यावर फक्त त्या वेळच्या माणसाचा हात फिरलेला असतो. प्रक्षेपण ऐकून कोणी घरी नोंदवलेले असेल तर त्यावर प्रेषकाचे यंत्र, आकाश, ग्रहणसंचाचे यंत्र आणि बहुधा रेकॉर्डरचेही यंत्र असे चार संस्कार झालेले असतात. दोन्ही साधने उपयोगाची आहेत, परंतु पहिले वक्त्याविषयी सांगते, दुसरे श्रोत्याविषयी. गावात काय ऐकू आले याचा पुरावा दुसऱ्यातच आहे. १९५६ च्या श्रोतृमंडळांचा आवाज तर केंद्राकडे लेखी वृत्तांतातून गेला, आणि तेथे वर्धननियंत्रणाचे काम लिहिणाऱ्याच्या लेखणीने केले. कोणाचे म्हणणे वर उचलावे, कोणाचे खाली आणावे, कोणते बोलणे पातळीखालचे समजून गोठवावे, हे त्याने ठरवले, आणि त्याचा रिलीज-काळ आपल्याला काढता येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. प्रत्येक साधन कोणी ना कोणी संपादित केलेलेच असते. मग या यंत्राचे एवढे स्तोम कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. परंतु बखरकार हेतूने बदलतो, नकलकार कंटाळ्याने चुकतो, आणि दोहोंचा नियम सापडत नाही. यंत्र नियमाने बदलते. त्याचे उतरणे-चढणे ठरावीक असते, आणि आपली खूण ते त्याच ध्वनिमुद्रणात मागे ठेवते. मागे एखादा स्थिर आवाज चालू असेल, विजेच्या प्रवाहाची पन्नास हर्ट्झची गुणगुण, पंखा, ओढा, तर तो मूळचा न बदलणारा आवाज मुद्रणात जेथे मोठा होतो तेथे वर्धन वाढले आणि जेथे लहान होतो तेथे घटले, हे निश्चित. त्या आवाजाची पातळी क्षणाक्षणाला मोजली की वर्धनाची संपूर्ण वक्ररेषा हाती येते, आणि ती उलटी लावली की वक्त्याचे मूळ चढउतार बऱ्याच अंशी परत मिळतात. कागदाच्या बाबतीत नकलकाराच्या चुका अशा उलट्या फिरवण्याची सोय नाही. गेट असलेल्या यंत्रात हे थोडे जपून करावे लागते, कारण गोठलेल्या काळात रेषा सपाट दिसते व ती वक्त्याच्या स्थिर आवाजाची आहे असा भ्रम होतो. जोडीला टाचणवही असेल तर शंका उरत नाही. आजकाल क्षेत्रकार्य बहुधा मोबाइल फोनवरच होते आणि त्यांतील बहुतेकांत हे नियंत्रण सांगितल्याविना चालू असते. त्यामुळे मुद्रण सुरू करण्यापूर्वी ते बंद करता येते का पाहावे. येत नसेल तर आरंभी दहा सेकंद खोलीचा नुसता आवाज नोंदवावा.

पाटणच्या त्या कॅसेटवर सुदैवाने असा एक आवाज होता. घरापासून थोड्या अंतरावर पिठाची गिरणी चालू होती. मुलाखतभर तिची एकसुरी धडधड मागे ऐकू येते. त्या वेळी ती नको होती, खिडकीही लावून घेतली होती. नंतर कॅसेट अंकीय करून मोजणी केली, तेव्हा ट्रंकेवरच्या ठोशाबरोबर गिरणी एकाएकी बंद पडल्यासारखी नाहीशी होते आणि मग सुमारे अकरा सेकंदांत हळूहळू पूर्वीच्या पातळीला येते, असे दिसले. गिरणी अर्थात बंद पडली नव्हती. गिरणीच्या रेषेवरून त्या अकरा सेकंदांचे वर्धन उलटे फिरवले. पहिले चार सेकंद फितीच्या खरखरीत कायमचे गेले आहेत. नंतरच्या भागात दावणीच्या बैलांचा उल्लेख स्पष्ट ऐकू येतो, त्यानंतर कोणाला तरी नावाने मारलेली हाक आहे, पण नाव कळत नाही. उतरवून काढलेल्या मजकुरातील ‘वक्ते काही काळ स्तब्ध’ हे शब्द आता खोडले असून त्या जागी ‘वक्ते हळू आवाजात बोलत आहेत, चार सेकंद अश्राव्य’ अशी नोंद केली आहे.